खोलीचाही एक सूर असतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी आत्ता ज्या खोलीत बसून बोलतो आहे, तिथं माझाच आवाज मला कोरडा वाटतो आहे. दार जाड आहे, भिंतींवर भोकं पाडलेले तक्ते बसवले आहेत, खाली गालिचा आहे. शब्द तोंडातून निघतो आणि तिथंच संपतो. घरी असं होत नाही. घरी तो भिंतीला लागतो, स्लॅबला लागतो, फिरून कानाशी येतो. तुम्ही रेडिओ लावून बसता तेव्हा दोन खोल्या एकदम ऐकत असता, एक माझी इथली आणि एक तुमची. इथल्या खोलीची काळजी इथल्या अभियंत्यांनी घेतली आहे. तुमच्या खोलीकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं, आणि आज मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

विषय तसा व्यवहाराचा आहे. घरात गाणं ऐकायचा संच घ्यायचा, दोन स्पीकर, एक सबवूफर. तर त्याला ॲम्प्लिफायर कुठला घ्यावा आणि आवाज खोलीला जुळवून कसा घ्यावा? कवी माणसानं यात का पडावं, असं तुम्हाला वाटेल. मी बी.ए. झालेला, विज्ञान शाळेतच सुटलं. पण शब्द ऐकू येणं न येणं हा तर माझ्या धंद्यातलाच प्रश्न आहे. शिवाय माझ्या घरात तो जरा वेगळ्या तऱ्हेनं उभा राहिला होता.

माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पोरांच्या गोंगाटात तिची उमर गेली. निवृत्तीनंतर नागपूरच्या डॉक्टरांनी कानाची तपासणी केली, तेव्हा वरच्या पट्टीतलं ऐकू येणं बरंच कमी झाल्याचं निघालं. स, श, त, फ या व्यंजनांचा जीव त्याच पट्टीत असतो. ती म्हणायची, ‘आवाज येतो, शब्द येत नाहीत.’ त्याच सुमारास माझ्या भाच्याची पुण्याला बदली झाली आणि त्याचे दोन स्पीकर, एक सबवूफर आणि एक म्हातारा ॲम्प्लिफायर असा संसार आमच्या भंडाऱ्याच्या घरी आला. ॲम्पचं बटण फिरवलं की खरखर व्हायची, तेव्हा तो बदलायचा हे ठरलेलंच होतं. सबवूफर कोपऱ्यात गेला, कारण विजेचा बोर्ड तिथंच होता. गझल लावली आणि पहिल्या पाच मिनिटांत ती उठून स्वयंपाकघरात गेली. एरवी ती बेगम अख्तरसाठी भाजी करपू देणारी बाई.

दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा कुंपणाशी आले. आमची त्यांची भिंत एकच आहे. म्हणाले, ‘भाऊ, रातच्यानं तुमच्या घरी कोनी धान कांडते का जी?’

तिसरी साक्ष भांड्यांची. आमचं भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. आमच्या बैठकीत फळीवर अब्बांच्या वेळचे दोन हंडे आणि एक गंगाळ आहे. तबल्यातला बायाँ एका विशिष्ट ठिकाणी आला की फळी थरथरायची आणि हंडे किणकिणायचे. गंमत अशी, की आवाज वाढवला म्हणून ते वाजत नव्हते. कमी आवाजातही तोच एक स्वर आला की वाजायचे, आणि दुसरा कितीही जोरात आला तरी गप्प राहायचे.

हा काय प्रकार आहे, ते कळायला फार शिकावं लागत नाही. न्हाणीघरात गाणाऱ्या कुणालाही तो ठाऊक आहे. हळूहळू सूर खाली नेत गा, एका जागी आवाज अचानक फुगतो. आपल्या गळ्याची काही करामत नसते ती, दोन भिंतींमधलं अंतर आणि त्या स्वराची लांबी यांचं गणित जुळलेलं असतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या अंतरात ज्या स्वराची अर्धी लाट नेमकी मावते, तो स्वर त्या खोलीत घुमतो. तेव्हा ५६५ या आकड्याला खोलीच्या फुटांनी भागा, खोलीचा सूर निघतो. चार फुटी न्हाणीघरात तो सेकंदाला १४१ कंपनांच्या आसपास येतो, म्हणजे जवळजवळ काळी एक. अनेक पुरुषमंडळी स्वतःला न्हाणीघरात बडे गवई समजतात, त्याचं कारण हेच असावं.

आमची बैठक बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद. ५६५ भागिले १२, उत्तर ४७. छत दहा फुटांवर, तिथला सूर ५६. खोली चौरस असल्यामुळे लांबीचा सूर आणि रुंदीचा सूर एकच निघाला आणि दोघांनी मिळून ४७ कंपनांच्या त्या एका जागेवर दुप्पट गर्दी केली. खोली बांधताना मिस्त्रीला कुणी हे सांगत नाही, आणि सांगितलं तरी प्लॉट जसा असेल तशीच खोली होणार. (मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा आवाज थोडा जलद धावतो आणि ४७ चे ४९ होतात. उन्हाळ्यात खोलीसुद्धा पट्टी चढवते म्हणायची.)

जुन्या कौलारू घरात हा त्रास कमी असायचा. कौलांच्या फटींतून, झडपांतून, पोकळ माळ्यातून खालचे सूर बाहेर निघून जात. पक्क्या विटा, सिमेंटचा गिलावा आणि वर स्लॅब आल्यावर ते आत कोंडले गेले. अर्थात कौलारू घरात आमच्याकडे होता तो ट्रान्झिस्टर, त्याला मुळात खालचे सूरच नव्हते, तेव्हा तुलना फार ताणत नाही.

आणि झाडीपट्टीतलं नाटक आठवा. धानाची कापणी झाली की शेतात मंडप पडतो, रात्रभर नाटक चालतं, थंडीत लोक रजया पांघरून बसतात. तिथल्या तबल्याचा ठोका किती स्वच्छ येतो! वाजवणाऱ्याचा हात तर असतोच, पण तिथं भिंती नसतात. ठोका निघाला की पुढच्या बांधावरून पसार, परत यायला काही कारणच नाही.

खोलीचा आवाजावर किती ताबा असतो, हे शहाण्या माणसांनी फार पूर्वी हेरलं आहे. विजापूरचा गोल घुमट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये वारला, त्याची ती कबर. वरच्या सज्जात एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं तर समोरच्या बाजूला ऐकू येतं. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना या कुजबुजणाऱ्या सज्जांचं वेड होतं, त्यांनी गोल घुमटाचा अभ्यास करून १९२० च्या दशकात त्यावर लिहिलं आहे. त्याच्याही आधी, १८९५ मध्ये, अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक व्याख्यानाची खोली अशी बांधली गेली, की तिथं वक्त्याचं बोलणंच कळेना. एक शब्द विरायच्या आत पुढचा त्याच्यावर येऊन पडायचा. वॉलेस सेबिन नावाच्या तरुण प्राध्यापकावर ते काम सोपवलं. तो रात्री, सगळं शांत झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, खोलीत मांडायचा, ऑर्गनच्या नळीचा स्वर काढायचा आणि तो विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा. पहाटे गाद्या परत. सभागृहातला आवाज किती वेळ रेंगाळेल, हे काढायचं सूत्र त्या गाद्यांतून निघालं.

गाद्यांचा हा उपाय मात्र खालच्या सुरांना पुरत नाही. पन्नास कंपनांच्या स्वराची एक लाट बावीस-तेवीस फूट लांब असते. तिच्यापुढे पडदा, सतरंजी, रजई म्हणजे नदीच्या पुराला ओढणी आडवी धरणं. काही जण भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात, थर्मोकोल लावतात. धम्म आवाजाला त्यानं काही होत नाही, धूळ मात्र जमते. पडदे, पुस्तकांची कपाटं, जाड गालिचा यांनी वरचा किणकिणाट कमी होतो, बोलणं सुधारतं, तेव्हा ते जरूर असू द्यावेत. खालच्या सुरांसाठी वाट वेगळी आहे.

आता दुकानाकडे वळू. नागपुरातल्या एका दुकानात मी आमची अडचण सांगितली, तर विक्रेत्या मुलानं सरळ मोठा ॲम्प्लिफायर पुढे केला. ‘अंकल, पॉवर कमी पडतेय.’ वॉटचा आकडा बघून ॲम्प घेण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. नव्वदीच्या दशकात तर खोक्यावर पीएमपीओ म्हणून हजारांचे आकडे छापायचे आणि आत कागदाच्या कोनाचे दोन लहानसे स्पीकर असायचे. खरा बघायचा आकडा आरएमएसचा. तोही घरासाठी किती हवा? आमच्या स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज होतो, असं त्याच्या कागदावर लिहिलं आहे. आपण तीन मीटरवर बसतो, तिथं थोडा घटतो, दुसऱ्या स्पीकरचा थोडा मिळतो. म्हणजे एका वॉटमध्ये ऐंशीच्या पुढचा आवाज आपल्या कानाशी पोचतो. साधं बोलणं साठाच्या आसपास असतं. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिली आहे, तीही ध्यानात घ्या. तबल्याची एखादी थाप, सतारीचा एखादा आघात अचानक उसळतो, त्याच्यासाठी पंधरा-वीस वॉटची शिल्लक हाताशी असावी. सबवूफरमध्ये त्याचा स्वतःचा ॲम्प असतोच. चाळीस-पन्नास वॉटचा प्रामाणिक ॲम्प बारा फुटी खोलीत कधी दमत नाही. वॉट दुप्पट केले तर फक्त तीन डेसिबल वाढतात, आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला तर दसपट वॉट लागतात.

आणि आमच्या खोलीत जोर कमी कुठं होता? एका स्वराचा जोर नको तितका होता. शंभर वॉटचा ॲम्प आणला असता तर शेजारच्या आजोबांकडे धान अजून जोरात कांडलं गेलं असतं.

मी त्या मुलाला तीन गोष्टी विचारल्या. तुम्हीही विचारा. पहिली, याला सबवूफरसाठी वेगळं तोंड आहे का? दुसरी, आणि ही कुणी विचारत नाही: सबवूफर जोडल्यावर हा ॲम्प खालचे सूर मुख्य स्पीकरकडून काढून घेतो का, की दोघांनाही तेच पाठवतो? पुष्कळ ॲम्पमध्ये सबवूफरचं तोंड असतं, पण लहान स्पीकरवरचं ओझं काही ते कमी करत नाहीत. पाच इंची कोन बायाँचा घुमारा काढायला पुढे-मागे हेलकावे खात असतो आणि त्याच वेळी त्याच कोनाला गायिकेचा शब्दही काढायचा असतो. ऐंशी कंपनांच्या खालचं सगळं सबवूफरकडे गेलं की तो मोकळा होतो आणि आवाज स्वच्छ निघतो. ऐंशी हा आकडा रूढ आहे, कारण त्याच्याखालचा स्वर कुठून येतो आहे, ते कानाला नीट ठरवता येत नाही. सबवूफर बाजूला असला तरी गाणं समोरूनच येतं असं वाटतं. सबवूफर घ्यायचं माझ्या मते खरं कारण हेच. दणका हवा असेल तर गणपतीत किंवा उरुसात रस्त्यावर फुकट मिळतो.

तिसरा प्रश्न, यात खोली मोजायची सोय आहे का? अशी सोय आता बऱ्याच यंत्रांत येते. डेनॉन, मरँट्झमध्ये ऑडिसी. यामाहाचं स्वतःचं वायपीएओ. स्वीडनचं डिराक अनेक कंपन्या वापरतात. काही लहान ॲम्प फोनच्या माईकवरही काम भागवतात. कल्पना सगळ्यांची एकच. यंत्र स्पीकरमधून खालपासून वरपर्यंत एक सूर ओढतं, माईक तो तुमच्या बसायच्या जागी ऐकतो, कुठला स्वर फुगला आणि कुठला बुडाला याचा आलेख निघतो आणि मग यंत्र उलटं माप लावतं. फोनचा माईक मुळात बोलण्यासाठी केलेला असतो, अगदी खालच्या सुरांवर त्याची साक्ष जपून घ्यावी. भाच्याकडे मोजमापाचा वेगळा माईक होता. रूम ईक्यू विझार्ड नावाचा प्रोग्रॅम संगणकावर फुकट मिळतो. ईदच्या सुट्टीत तो आला आणि बैठकीत तिपाई मांडून बसला. सूं करत तो सूर वर चढू लागला तेव्हा मांजर पळालं, ते संध्याकाळी आलं.

आलेखात ४७ वर उभा डोंगर होता, बारा डेसिबलचा. ‘मामू, हेच तुमचे हंडे,’ तो म्हणाला.

यंत्रानं तो डोंगर लगेच कापता आला असता. पण त्यानं आधी सामान हलवलं, आणि ते मला फार पटलं. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की तो खोलीचा प्रत्येक सूर पुरेपूर जागा करतो. भिंतीच्या मधोमध ठेवला तर त्या भिंतीच्या दिशेचा पहिला घुमारा जवळपास जागा होतच नाही. म्हणून तारेचं एक्स्टेन्शन आणून तो दोन स्पीकरांच्या मध्ये आला. आमचा दिवाण मागच्या भिंतीला टेकून होता. भिंतीशी सगळे घुमारे जास्तीत जास्त असतात. तो तीन फूट पुढे सरकवला. अगदी मधोमध मात्र आणला नाही, तिथं ४७ पार बुडाला असता. दिवाणामागे आता एक माणूस जाईल एवढी गल्ली झाली आहे. पत्नीला ती आवडली नाही, मग तिनंच तिथं शिवणयंत्र ठेवलं. जागा शोधायची एक देशी युक्तीही आहे: सबवूफर आपण बसतो तिथं ठेवायचा, तंबोरा लावायचा आणि आपण भिंतीकडेनं रांगत जायचं, जिथं खर्ज सारखा, न फुगता ऐकू येईल ती सबवूफरची जागा. या वयात गुडघे काय म्हणतात ते बघून करावी.

पुन्हा मोजलं तर डोंगराची टेकडी झाली होती, सहा डेसिबलची. तेवढी यंत्रानं उतरवली.

इथं एक सांगायला हवं, कारण यंत्रं विकणारे ते सांगत नाहीत. उंचवटा कापता येतो, खड्डा भरता येत नाही. ज्या जागी दोन लाटा एकमेकींना मारून टाकतात, तिथं तो स्वर दहा डेसिबलनं वाढवून पाठवला तर ॲम्पला दसपट जोर लावावा लागतो, सबवूफर कासावीस होतो, आणि मारणारी लाटही तेवढीच वाढल्यामुळे खड्डा तसाच राहतो. खड्ड्यावर उपाय एकच, जागा बदलणं, नाहीतर दुसरा सबवूफर समोरच्या भिंतीला. हरमन कंपनीच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं होतं, की समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन साधे सबवूफर खोलीभर खर्ज सारखा पसरवतात. आमच्या बैठकीत दुसऱ्याला जागा नाही आणि मी विषयही काढलेला नाही.

वरच्या पट्टीत मात्र यंत्राला फार ढवळाढवळ करू देऊ नये. कॅनडाचे फ्लॉइड टूल यांनी आयुष्यभर लोकांना आंधळेपणी स्पीकर ऐकवून याचा अभ्यास केला. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की काहीशे कंपनांच्या वर कान स्पीकरचा थेट आवाज ओळखतो आणि खोलीची सवय करून घेतो. तिथं माईकनं दाखवलेली प्रत्येक चढउतार पुसायला गेलात तर चांगल्या स्पीकरची चव जाते. आम्ही तीनशेच्या खालचीच दुरुस्ती ठेवली.

विजेचं म्हणाल तर उन्हाळ्यात व्होल्टेज वरखाली होतं, स्टॅबिलायझर लावावा. ॲम्प क्लास डी जातीचा घेतला, तो तापत नाही. क्लास एचे भक्त आहेत, त्यांचा आदर आहे, पण मे महिन्यात भंडाऱ्यात खोलीत आणखी एक शेगडी कोण ठेवणार?

त्या रात्री बेगम अख्तर लावली. पत्नी दिवाणावर बसली होती. दुसऱ्या शेरापाशी तिनं रदीफ सोबत म्हटली, ओठांतल्या ओठांत. मी आवाज मोठा केला नव्हता, उलट आधीपेक्षा कमी होता. नंतर डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की खालचा जाड आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो, आणि ज्यांचं वरचं ऐकणं आधीच कमी झालं आहे त्यांना तो अधिक झाकतो. ४७ चा डोंगर स, श, त वर बसला होता. कानांना यंत्र लागायचं ते लागलंच, ते आता तिच्याकडे आहे. पण गाणं ऐकताना ती ते कधीकधी काढून ठेवते.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या लावल्या की आम्ही सबवूफर बंदच करतो. फार खालचे स्वर त्या तबकडीत उतरलेच नव्हते, तिथं सबवूफर नुसती सुईची घरघर ऐकवतो. कव्वालीला तो लागतो. ढोलक आणि टाळ्या आल्या की मी त्याच्या मागचं बटण जरा वर नेतो, ती ते खाली आणते. आलेख अगदी सपाट केला तर गाणं फिकं वाटतं, खर्ज थोडा वर असलेला बहुतेकांना आवडतो, असं भाचा सांगतो. तेव्हा या भांडणात यंत्राला काही म्हणायचं नाही.

हंडे फळीवरच आहेत. आजोबांना मी विचारलं, रात्री काही ऐकू येतं का. म्हणाले, ‘येते, पन आता गाना हाय असं समजते जी.’ पावसाळा सरला की बैठकीत पुस्तकांचं नवं कपाट यायचं आहे. ते आलं की सगळं पुन्हा मोजावं लागेल. भाच्याला माईक घेऊन ये म्हणून आत्ताच निरोप धाडला आहे.